जीआरईचे पुस्तक निवडताना: दुकानात जाण्याआधी आणि गेल्यावर

अमेरिकेत एमएस किंवा पीएचडी करायचे घरात पक्के झाले की पहिली खरेदी बहुधा जीआरईच्या, म्हणजे तिकडच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायच्या परीक्षेच्या, पुस्तकाची होते. पुण्यात अप्पा बळवंत चौकात एक चक्कर, मुंबईत फोर्टातल्या पदपथावर शोधाशोध, नाहीतर मागच्या वर्षी गेलेल्या सीनियरने मागे ठेवलेला गठ्ठा. महिन्याभरात टेबलावर चार जाडजूड पुस्तके जमतात आणि प्रत्येकाची पहिली पन्नास पाने तेवढी वाचून होतात. मुले आळशी असतात म्हणून हे घडत नाही. आपले नेमके कुठे अडते हे कळण्याआधी पुस्तक घरात येते, म्हणून घडते. शिवाय ते घेताना आपण वेष्टणावरचा प्रश्नांचा आकडा बघतो. बघायला हवे ते मागच्या पानांत असते: चुकलेल्या प्रश्नाचे उत्तर ते पुस्तक कसे समजावून सांगते.

परीक्षा द्यायची आहे का, हे आधी बघा

२०२० नंतर अमेरिकेतल्या अनेक विभागांनी जीआरई ऐच्छिक केली, काहींनी ती पूर्ण काढून टाकली. त्यामुळे विद्यापीठाच्या मुख्य पानावर विसंबू नका. तुमच्या विभागाचे, तुमच्या अभ्यासक्रमाचे प्रवेशाचे पान उघडा. एकाच विद्यापीठात एका विभागाला गुण लागतात आणि शेजारच्या विभागाला ते बघायचेही नसतात, असे सर्रास आढळते. यादीतल्या प्रत्येक ठिकाणापुढे ‘आवश्यक’, ‘ऐच्छिक’ किंवा ‘स्वीकारत नाही’ यांपैकी एक शेरा लिहा. सगळीकडे तिसराच शेरा आला तर पुस्तकाचे पैसे आणि तीन महिने, दोन्ही वाचले. ऐच्छिक असेल तिथे आपली बाजू बघा. पदवीचे गुण मध्यम असतील, तर क्वांटमधला, म्हणजे गणिताच्या भागातला, चांगला गुणांक अर्जाला आधार देतो.

हा लेख जनरल टेस्टबद्दल, म्हणजे सर्व शाखांना समान असलेल्या परीक्षेबद्दल आहे. गणित, भौतिकशास्त्र आणि मानसशास्त्र यांच्या सब्जेक्ट टेस्ट वेगळ्या असतात आणि त्यांची पुस्तकेही वेगळी. घाईत गणिताच्या सब्जेक्ट टेस्टचे पुस्तक उचलले आणि उघडल्यावर कॅल्क्युलस बघून धसका घेतला, असे होऊ देऊ नका. जनरल टेस्टमध्ये कॅल्क्युलस नाही, त्रिकोणमितीही नाही.

आजची परीक्षा कशी आहे

२२ सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा आखूड झाली. आधी पावणेचार तास चालायची, आता १ तास ५८ मिनिटे. सुरुवातीला ३० मिनिटांचा एकच निबंध. दुसरा निबंध, म्हणजे दिलेल्या युक्तिवादाची चिकित्सा करण्याचा, रद्द झाला. व्हर्बलचे, म्हणजे इंग्रजी भाषेच्या भागाचे, दोन विभाग: १८ मिनिटांत १२ प्रश्न आणि २३ मिनिटांत १५. क्वांटचेही दोन: २१ मिनिटांत १२ आणि २६ मिनिटांत १५. मधली दहा मिनिटांची सुट्टी गेली, गुणांत न धरला जाणारा जादा विभागही गेला. व्हर्बल आणि क्वांटला प्रत्येकी १३० ते १७० गुण, निबंधाला ० ते ६. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पहिला विभाग कसा गेला त्यावर त्याच विषयाचा दुसरा विभाग सोपा येणार की अवघड, ते ठरते.

हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर उतरवा. पुस्तकाचे वय ओळखायला तेच उपयोगी पडणार आहेत.

पुस्तकाआधी सराव परीक्षा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि पुढची सगळी निवड तर हिच्यावरच उभी आहे. परीक्षा घेणारी संस्था ईटीएस आपल्या संकेतस्थळावर पॉवरप्रेप नावाने दोन पूर्ण सराव परीक्षा मोफत देते. खाते उघडले की मिळतात. पहिली लगेच द्या, काहीही न वाचता. सकाळची वेळ, फोन दुसऱ्या खोलीत, मध्ये न उठता पूर्ण दोन तास. दुसरीला अजिबात हात लावू नका. ती शेवटी लागणार आहे.

आलेला गुणांक घरी कोणाला सांगितला नाही तरी चालेल. काम आहे ते चुकांचे. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहा: एक, संकल्पना ठाऊक नव्हती किंवा विसरलो होतो; दोन, ठाऊक होती, पण प्रश्न नीट वाचला नाही; तीन, वेळ पुरला नाही. जे प्रश्न अंदाजाने बरोबर आले तेही चुकलेल्यांतच धरा.

क्वांटमध्ये पहिले कारण जास्त वेळा आले तर धडे असलेले पुस्तक लागेल, म्हणजे गुणोत्तर, शेकडेवारी, संभाव्यता पायापासून शिकवणारे. दुसरे कारण जास्त असेल तर धड्यांची गरज नाही. अभियांत्रिकीच्या मुलांचे बहुधा असेच असते. त्यांना सापळ्यांचे प्रश्न आणि त्यांची बारकाईने दिलेली उत्तरे हवीत. आणि फक्त वेळेची अडचण असेल तर नवे पुस्तक त्यावर काहीच करू शकत नाही. तिथे घड्याळ लावून, पडद्यावर सराव करावा लागतो.

व्हर्बलसाठी एक चाचणी सांगतो. चुकलेले गाळलेल्या जागांचे प्रश्न पुन्हा उघडा, बरोबर उत्तर न बघता. वाक्यातला आणि पर्यायांतला प्रत्येक अनोळखी शब्द शब्दकोशात बघा, अर्थ शेजारी लिहा आणि प्रश्न नव्याने सोडवा. आता बहुतेक उत्तरे बरोबर आली तर तुमची अडचण शब्दसंग्रहाची. सगळे अर्थ समोर असूनही चुकले तर ती वाक्य उलगडण्याची आहे: ‘जरी’ने सुरू झालेले वाक्य पुढे कुठे वळते, दोन नकार एकत्र आले की अर्थ काय होतो, अर्धविरामानंतरचा भाग आधीच्या भागाचे समर्थन करतो की खंडन. या दुसऱ्या गटातली मुले महिनेच्या महिने शब्दांच्या याद्या घोकतात आणि गुण जागचा हलत नाही. त्यांनी शब्दांचे पुस्तक घेऊच नये. वाक्यरचना आणि उताऱ्यांतला युक्तिवाद शिकवणारे पुस्तक घ्यावे आणि रोज एक लांब, गंभीर इंग्रजी लेख सावकाश वाचावा.

पहिले पुस्तक ईटीएसचेच

याबाबत माझे मत पक्के आहे. खासगी प्रकाशनाचे कोणतेही पुस्तक घ्या, पण ईटीएसचे अधिकृत साहित्य आधी घ्या. कारण प्रश्न कसे तयार होतात त्यात आहे. ईटीएस आपले प्रश्न प्रत्यक्ष परीक्षार्थींवर पडताळून मगच गुणांसाठी वापरते. कोणता चुकीचा पर्याय किती जणांना खुणावतो, हुशार मुले कुठे घसरतात, हे तिच्याकडे नोंदलेले असते. खासगी प्रकाशकाकडे ती सोय नसते. क्वांटमध्ये त्याने फार बिघडत नाही, कारण गणित शेवटी गणितच असते. व्हर्बलमध्ये मात्र फरक लगेच जाणवतो. खासगी प्रश्नांत दोन पर्याय सारखेच बरोबर वाटतात, किंवा अवघडपणा आणायला केवळ दुर्मीळ शब्द पेरलेले असतात. अशा प्रश्नांवर कान तयार झाला की खऱ्या परीक्षेत तोच कान फसवतो.

अधिकृत साहित्यात मुख्य मार्गदर्शक आहे, शिवाय क्वांट आणि व्हर्बलची प्रत्येकी १५० प्रश्नांची दोन वेगळी पुस्तके आहेत. संकेतस्थळावर गणिताची उजळणीही मोफत मिळते. परीक्षेत येणारे सगळे गणित तिच्यात आहे. धड्यांच्या पुस्तकावर खर्च करण्याआधी ती चाळा. पुष्कळांना तेवढी पुरते.

या पुस्तकांची उणीवही सांगितली पाहिजे. त्यांतली उत्तरे बरोबर असतात, पण कोरडी. पाठ्यपुस्तकातल्या सिद्धतेसारखी सरळ रेषेत जातात. दीड मिनिटात हे सुचावे कसे, ते सांगत नाहीत. अवघड प्रश्नही मोजकेच. दुसऱ्या पुस्तकाची गरज पडते ती याच जागी, आणि ते याच कसोटीवर निवडायचे.

दुसरे पुस्तक: तीन पाने उघडून बघा

दुकानात उभ्या उभ्या किंवा ऑनलाइन नमुना पानांत हे करता येते. प्रस्तावना, ‘हमखास’ गुणांची आश्वासने आणि मुखपृष्ठावरचे आकडे सोडून द्या. थेट उत्तरांकडे जा.

पहिले पान दोन राशींच्या तुलनेचे, म्हणजे क्वांटिटेटिव्ह कम्पॅरिझनचे. समजा प्रश्न असा आहे: क्ष ही शून्यापेक्षा मोठी संख्या आहे; पहिली राशी क्षचा वर्ग, दुसरी राशी क्ष. मोठी कोणती? सामान्य पुस्तक लिहील: ‘क्ष २ घेतल्यास पहिली मोठी, १/२ घेतल्यास दुसरी मोठी, म्हणून ठरवता येत नाही.’ उत्तर बरोबर आहे, पण विद्यार्थ्याला काही मिळाले नाही, कारण १/२ घेऊन बघावे हेच तर त्याला सुचले नव्हते. चांगले पुस्तक तिथे थांबते. ‘पूर्णांक’ हा शब्द दिलेला नाही, तेव्हा अपूर्णांक तपासायलाच हवा, हे दाखवते. १ घेतल्यास दोन्ही राशी समान होतात, तेही सांगते. ‘१ पेक्षा मोठी’ अशी अट असती तर उत्तर कसे बदलले असते, हे विचारते. आणि पहिला पर्याय निवडणारा कोणत्या सवयीमुळे फसला, ते नाव घेऊन सांगते. असे स्पष्टीकरण वाचल्यावर पुढचे दहा प्रश्न सुटतात.

दुसरे पान तीन गाळलेल्या जागांच्या प्रश्नाचे. इथे तिन्ही जागा बरोबर आल्या तरच गुण मिळतो. पुस्तकाने उत्तरात नऊही पर्यायांचे अर्थ देऊन काम संपवले असेल तर ते परत ठेवा. ते काम शब्दकोश करतो. तीन जागांतली कोणती आधी भरायची आणि का, वाक्यातला कोणता तुकडा तिला बांधून ठेवतो, पर्याय बघण्याआधी मनात कोणता अर्थ यायला हवा, आणि सगळ्यांत फसवा पर्याय नेमका कुठे मोडतो, एवढे दिसले पाहिजे. सहांतून दोन शब्द निवडण्याच्या प्रश्नांनाही हीच कसोटी लावा. तिथे पर्यायांत वाक्यात न बसणारी समानार्थी जोडीही अनेकदा मुद्दाम ठेवलेली असते. जे पुस्तक ‘समानार्थी जोडी शोधा’ एवढीच युक्ती शिकवते, ते तुम्हाला त्या सापळ्यात स्वतः नेऊन सोडते.

तिसरे पान आलेखांचे. इथे आधी छपाई बघा. स्वस्त आवृत्त्यांत स्तंभालेखाच्या चार छटा एकाच करड्या रंगात मिसळतात आणि आकडे वाचता येत नाहीत. असे पुस्तक कितीही नावाजलेले असले तरी या भागासाठी निरुपयोगी. मग शेकडेवारीतल्या बदलाचा प्रश्न शोधा. २० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेलेला वाटा ५ टक्के-बिंदूंनी वाढला, पण वाढीचा दर २५ टक्के आहे. हा भेद पुस्तक कुठेतरी स्वच्छ सांगते का, ते बघा.

पुस्तकाचे वय

मुखपृष्ठावरचे वर्ष नेहमी खरे सांगत नाही. आतल्या पानावर आवृत्तीचे वर्ष बघा. पुनर्मुद्रणाचे वर्ष वेगळे असते. तेही स्पष्ट नसेल तर परीक्षेचे स्वरूप सांगणारा धडा उघडा. दोन निबंध आणि प्रत्येकी २० प्रश्नांचे विभाग दिसले तर ते पुस्तक सप्टेंबर २०२३ च्या आधीचे. विरुद्धार्थी शब्द, शब्दांच्या जोड्यांतले नाते आणि २०० ते ८०० गुणांची श्रेणी दिसली तर ते ऑगस्ट २०११ च्याही आधीचे.

२०११ पूर्वीचे पुस्तक रद्दीत द्या, फुकट मिळाले तरी. २०११ ते २०२३ मधल्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ती ठाऊक नसल्याने पुष्कळ जण उगाच नव्या आवृत्तीवर पैसे घालतात. २०२३ मध्ये परीक्षा आखूड झाली, पण व्हर्बल आणि क्वांटमधल्या प्रश्नांचे प्रकार तेच राहिले. प्रश्नामागचा वेळही जवळजवळ तोच. पूर्वी क्वांटमध्ये ३५ मिनिटांत २० प्रश्न, म्हणजे एकाला पावणेदोन मिनिटे. आता २१ मिनिटांत १२, तेवढीच. व्हर्बलमध्ये तेव्हाही दीड मिनिट, आताही साधारण दीड. म्हणून सीनियरचे त्या काळातले पुस्तक खुशाल वापरा. २० प्रश्नांच्या संचातले पहिले १२ घ्या आणि घड्याळ २१ मिनिटांवर लावा. वगळायचा तो दुसऱ्या निबंधाचा धडा आणि ‘पूर्ण परीक्षेचे नियोजन’ सांगणारी पाने. स्वतः ईटीएसच्या मुख्य मार्गदर्शकाची तिसरी आवृत्तीही याच काळातली आहे. त्यातले प्रश्न आजही सरावाला उत्तम.

जुने पुस्तक घेताना एवढे बघा की उत्तरांवर पेन्सिलीच्या खुणा नाहीत ना. पुढच्या प्रश्नाचे उत्तर डोळ्याला दिसत असेल तर सराव होत नाही. खोडून टाकता येत असेल तर आधी कोणाला तरी खोडायला सांगा, स्वतः खोडत बसू नका.

टेलिग्रामवर फिरणाऱ्या पीडीएफबद्दलही सांगायला हवे. चोरीची प्रत वापरणे गैर आहेच. त्याशिवाय तिचे वर्ष कळत नाही, मधली पाने गायब असतात आणि दुरुस्तीपत्रक कधीच सोबत येत नाही. खासगी पुस्तकांत छपाईच्या चुका निघतात आणि प्रकाशक आपल्या संकेतस्थळावर त्यांची यादी देतात. ती नसेल तर चुकीच्या उत्तरावर एक संध्याकाळ डोके फोडण्यात जाते. परवडत नसेल तर कॉलेजचे ग्रंथालय आणि ईटीएसचे मोफत साहित्य यांवरही चांगली तयारी होते.

शब्दांचे पुस्तक

ज्यांची अडचण खरोखर शब्दसंग्रहाची निघाली त्यांच्यासाठीच हे. हजारो शब्दांच्या अवाढव्य याद्यांना २०११ नंतर तेवढा अर्थ उरला नाही, कारण सुटा शब्द विचारणारे प्रश्नच गेले. आता शब्द वाक्यात येतो. म्हणून प्रत्येक शब्दाला निदान एक खरे वाटणारे वाक्य आणि जवळच्या शब्दांशी फरक देणारी, हजारभर शब्दांची यादी पुरे. तपासायला दोन सोपे शब्द शोधा, टेम्पर आणि क्वालिफाय. टेम्परचा ‘सौम्य करणे’ आणि क्वालिफायचा ‘विधानाला मर्यादा घालणे’ हे अर्थ दिलेले नसतील, तर यादी करणाऱ्याने परीक्षा नीट पाहिलेली नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी

दहावीपर्यंत गणित मराठीत शिकलेल्यांना जीआरईचे गणित जड जात नाही, अडते ते संज्ञांवर. मूळ संख्या म्हणजे प्राइम नंबर, लसावि म्हणजे लीस्ट कॉमन मल्टिपल, मध्यक म्हणजे मीडियन, बहुलक म्हणजे मोड, प्रमाण विचलन म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन. मोफत गणित उजळणी वाचताना अशी एक पानाची यादी स्वतः तयार करा आणि पुस्तकात चिकटवा. धड्यांचे महागडे पुस्तक घेण्याआधी आठवडाभर हे करून बघा. ‘गणित कच्चे आहे’ असा समज करून घेतलेल्या कित्येकांची अडचण एवढ्याने सुटते.

निबंधासाठी पुस्तक नको. त्याच्या विषयांची संपूर्ण यादी ईटीएसच्या संकेतस्थळावर आहे, गुण दिलेले नमुना निबंधही आहेत. आठवड्याला एक विषय घ्या आणि संगणकावर ३० मिनिटांत टाइप करा. परीक्षेत स्पेलिंग तपासून मिळत नाही, म्हणून ती सोय बंद ठेवा.

कोणी काय घ्यावे

अभियंता, गणित बरे, व्हर्बल कच्चे: अधिकृत व्हर्बल पुस्तक, वाक्यरचना शिकवणारे एक खासगी पुस्तक, आणि क्वांटसाठी फक्त अधिकृत १५० प्रश्न. इथे एक लक्षात ठेवा. क्वांटमध्ये वरच्या गुणांना गर्दी असल्यामुळे १६० गुणांची टक्केवारीतली जागा (पर्सेंटाइल, म्हणजे किती टक्के परीक्षार्थी मागे आहेत) व्हर्बलच्या १६० पेक्षा बरीच खाली असते. तांत्रिक विभागात अर्ज करणाऱ्याने क्वांटला गृहीत धरू नये.

अर्थशास्त्र, समाजशास्त्र, साहित्य यांतून येणाऱ्यांनी आणि पदवीनंतर काही वर्षे नोकरी केलेल्यांनी खर्च क्वांटवर करावा. मोफत उजळणी, मग धडे आणि भरपूर श्रेणीबद्ध प्रश्न असलेले एकच जाड पुस्तक. व्हर्बलसाठी अधिकृत पुस्तक पुरेल.

हाताशी महिनाच असेल तर खासगी पुस्तक घेऊच नका. अधिकृत तिन्ही पुस्तके पूर्ण होणे हेच त्या वेळात पुरेसे काम आहे.

आठवडाभराची कसोटी

पुस्तक घरी आल्यावर पहिल्या पानापासून सुरू करू नका. तुमच्या चुकांच्या यादीत सर्वांत वर असलेला प्रकार उघडा. त्यातले दहा प्रश्न सोडवा, चुकलेल्यांची स्पष्टीकरणे वाचा, दोन दिवस सोडा आणि त्याच प्रकारचे दहा नवे प्रश्न अधिकृत पुस्तकातून घ्या. दुसऱ्या खेपेला चुका कमी झाल्या तर पुस्तक तुम्हाला शिकवते आहे. ते शेवटपर्यंत न्या आणि दुसरीकडे बघू नका. आठवडाभराने तीच चूक त्याच जागी राहिली तर पुस्तक बदला, मग ते किती जणांनी सुचवलेले असो. परत करण्याची मुदत असते त्या आत ही कसोटी संपवा.

कोणतेही छापील पुस्तक दुसरा विभाग तुमच्या कामगिरीनुसार बदलून दाखवू शकत नाही. पडद्यावर लांब उतारा वाचणे, प्रश्नाला खूण करून त्याच विभागात नंतर त्याच्याकडे परतणे, पडद्यावरचे साधे गणनयंत्र माउसने चालवणे, यांचीही सवय कागदावर होत नाही. म्हणून जपून ठेवलेली दुसरी मोफत पॉवरप्रेप खऱ्या परीक्षेच्या साधारण दहा दिवस आधी द्या. त्याआधी आणखी सराव परीक्षा हवी असेल तर पॉवरप्रेपच्याच सशुल्क परीक्षांतली एक घ्या. तिचे पैसे तिसऱ्या पुस्तकावर घालू नका. गुण मनासारखे आले नाहीत तर २१ दिवसांनी पुन्हा बसता येते आणि सलग बारा महिन्यांत पाच वेळा परीक्षा देता येते. तेव्हा अर्जाच्या शेवटच्या तारखेपासून मागे मोजून पहिली तारीख अशी धरा की एका जादा प्रयत्नाला जागा उरेल, आणि अधिकृत प्रश्नांतले तीस-चाळीस तरी त्या प्रयत्नासाठी न सोडवता बाजूला ठेवा.